दुसऱ्या डोसची तारीख आणि घराजवळचे केंद्र

आमच्या आमदारसाहेबांनी नुकत्याच काढलेल्या निवेदनात इंदूरमधील आपल्या भागातील कोरोना लसीकरण केंद्रांची माहिती दिली असून 21 जून 2021 पासून 18 वर्षांवरील सर्वांना मोफत लस मिळेल असे कळवले आहे, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. मात्र दुसऱ्या डोसविषयी त्यात एक ओळही नाही, आणि आमच्या लोकमान्य नगरातील वडीलधारी मंडळी नेमकी तिथेच अडली आहेत. कोविशील्ड या कोरोना लसीच्या दोन डोसांमधील अंतर सुरुवातीला 4 ते 6 आठवडे होते, मार्चमध्ये ते 6 ते 8 झाले आणि 13 मे 2021 रोजी 12 ते 16 आठवडे करण्यात आले. माझ्या सासूबाईंच्या कागदावर पेनाने लिहिलेली जुनीच तारीख होती. त्या दिवशी भर उन्हात रिक्षा करून आम्ही केंद्रावर पोहोचलो, गुडघे धरून त्या तासभर रांगेत थांबल्या आणि ‘अजून वेळ आहे’ एवढेच ऐकून परतल्या. अंतर वाढवण्यामागे वैद्यकीय विचार आहे हे मला मान्य आहे, पण एक फोन आला असता तर ही पायपीट टळली असती.

ज्येष्ठांसाठी घराजवळ केंद्रे सुरू करण्याच्या सूचना केंद्र सरकारने मे 2021 मध्येच दिल्या आहेत. आमच्या भागातली शाळा सध्या बंदच आहे, तळमजल्यावर तिचे मोठे वर्ग आहेत आणि पायऱ्याही नाहीत. आमदारसाहेबांनी ती जागा एकदा स्वतः येऊन पाहावी, अशी कळकळीची विनंती आहे.