गाडीतल्या माइकची शिट्टी: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू, पण दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुम्ही सर्किट खरंच बनवलंत, गाडीत लावलंत आणि मग मला झोडलंत, म्हणजे नीट उत्तर देणं भाग आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात: गाडीत पुढे बसलेल्याचं बोलणं मागच्यांना गाडीच्याच एफएम रेडिओवर ऐकू यावं म्हणून मी एका ट्रान्झिस्टरचा ट्रान्समीटर दिला होता. यांचं म्हणणं, शिट्टी वाजते, स्टेशन सरकतं, आवाज दबका येतो, रेंज दहा मीटरच्या पुढे जात नाही, आणि असलं खेळणं देण्यापेक्षा (फ्रिक्वेन्सी जागेवर पक्की धरणारा) क्रिस्टल लावा नाहीतर सरळ ब्लूटूथ घ्या असं सांगायचं होतंत.

शिट्टीपासून सुरू करतो कारण तिथे चूक माझी आहे. मी लिहिलं होतं की गाडीचे १२ व्होल्ट थेट द्या, चालतं. चालतं, टेबलावर. तुम्ही लिहिलंय की अॅक्सिलरेटर दाबला की शिट्टीचा सूर चढतो, अहो मग निदान तुम्हीच केलंत की! इंजिन चालू झालं की त्या १२ चे १४ च्या आसपास होतात आणि वर आल्टरनेटरची (इंजिनवर फिरून वीज बनवतो तो) बारीक थरथर बसलेली असते, इंजिन जितकं जोरात तितकी ती जलद. आता या सर्किटमध्ये एफएम होतं कसं ते बघा: माइकचा सिग्नल ट्रान्झिस्टरच्या बेस या पायावर आला की त्याच्या कलेक्टर-बेस जंक्शनवरचा (या दोन पायांमधल्या जोडावरचा) व्होल्टेज हलतो, त्याने जंक्शनची कपॅसिटन्स हलते, आणि ती कॉइलच्या ट्यूनिंगमध्येच मोडत असल्याने फ्रिक्वेन्सी हलते. मग हाच व्होल्टेज सप्लायमधून हलला तर? ट्रान्समीटरला काय फरक पडतो, त्याच्या लेखी आल्टरनेटर हा पण एक माइकच.

खात्री करायची तर गाडीची वायर काढा आणि ९ व्होल्टची बॅटरी लावा, इंजिन चालूच ठेवा. शिट्टी गेली तर वाट सप्लायची, नाही गेली तर ती गाडीच्या रेडिओतच शिरतीये, मग माझ्या सर्किटला बोल लावू नका. पहिलं निघालं (माझी पैज त्यावरच आहे) तर सप्लायमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर, त्यानंतर ग्राउंडला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि मग ७८एल०५ (कायम ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) टाका. सर्किट जेमतेम काही मिलीअँपिअर खातं, त्यामुळे १०० ओहमवर एक व्होल्टही पडत नाही. ५ व्होल्टवर आलात की स्टेशन जागा सोडेल, ट्रिमर (ट्यूनिंगचा फिरवायचा छोटा कपॅसिटर) परत फिरवावा लागेल, आणि फिरवायला प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर घ्या, लोखंडी घेतलात तर हात काढला की परत सरकेल. आकृती बदलून टाकलीये.

स्टेशन सरकण्याचं म्हणाल तर थोडं सरकणारच, पण तुमचं जे खड्ड्यात धडधड धडधड ऐकू येतंय ते वेगळं आहे. कॉइलचे वेढे हलतात हो. ५-६ वेढ्यांची उघडी कॉइल, गाडी हादरली की वेढ्यांमधलं अंतर केसभर बदलतं आणि ते रेडिओवर ऐकू येतं. ट्यूनिंग झालं की मेणबत्तीचं मेण ओता त्यावर, अक्षरशः टिपका टिपका. मग एरियलची वायर सोडून बाकी सगळं पत्र्याच्या डबीत घालून डबी ग्राउंडला जोडा म्हणजे हात जवळ नेल्यावर स्टेशनचं पळणं पण थांबेल (डबीत घातल्यावर ट्रिमरला परत एक हात लागेल). ट्यूनिंगचे कपॅसिटर एनपीओ सिरॅमिक (तापमानाने जवळजवळ न बदलणारे) घ्या, हे लिहायचं राहिलं होतं.

क्रिस्टलचं मात्र पटलं नाही. ब्रॉडकास्ट एफएममध्ये आवाजानुसार फ्रिक्वेन्सी दोन्ही बाजूला ७५ किलोहर्ट्झपर्यंत हलते, आणि क्रिस्टलचं सगळं मोल तो हलत नाही यात. तयार ट्रान्समीटर आयसीत क्रिस्टल असतो तो पीएलएलला (फ्रिक्वेन्सी जागेवर ओढून धरणाऱ्या सर्किटला) संदर्भ म्हणून, मॉड्युलेशन, म्हणजे आवाजाने फ्रिक्वेन्सी हलवणं, होतं दुसऱ्याच ऑसिलेटरवर (लहरी तयार करणाऱ्या सर्किटवर). असा आयसी मिळाला तर जरूर वापरा.

दबका आवाज बरोबर पकडलात. रेडिओ आवाजातले उंच सूर मुद्दाम कापतो, कारण स्टेशनवाले ते आधीच चढवून पाठवतात, आपण पाठवत नाही. माइकच्या वाटेत ४७ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याला पॅरलल १ नॅनोफॅरड टाका, सूर चढवण्याचं जे ५० मायक्रोसेकंदाचं माप असतं त्याच्या जवळ येतं. आवाजाची पातळी उतरेल, माइक जरा जवळ धरा.

रेंज वाढवा या सूचनेला स्पष्ट नाही. गाडी तेवढीच लांब आहे, कशाला हवंय जास्त? एरियल म्हणून पाव वेव्हलेंग्थची ७५ सेंटीमीटर वायर मी मुद्दाम दिली नाही, १०-१५ सेंटीमीटर बास. एफएम बँड संपतो त्या १०८ मेगाहर्ट्झच्या लगेच वर विमानांच्या नेव्हिगेशनचा बँड सुरू होतो, आणि आपला ऑसिलेटर सरकतो ही तर तुमचीच तक्रार. युरोपात या बँडवर बिनपरवाना मर्यादा ५० नॅनोवॉट आहे, म्हणजे एक ट्रान्झिस्टरसुद्धा लांब वायर लावून सहज ओलांडेल. तुमच्याकडचा नियम आधी बघा, मगच चालू करा.

ब्लूटूथ गाण्यांना झकास, पण त्यात आवाज उशिरा पोचतो आणि बोलणाऱ्याला स्वतःचंच बोलणं मागून ऐकू आलं की तो अडखळतो. माझी नाही म्हणजे नाही अशी भूमिका नाहीये, तुमच्या ब्लूटूथ सेटवर तो उशीर खटकत नसेल तर खुशाल वापरा.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी: स्पीकरच्या तोंडासमोर माइक नेलात की कुईईई होणारच, त्यावर सर्किटमध्ये इलाज नाही, व्हॉल्यूम उतरवा.