गिरणीतला कापूस पार्श्वभूमीला नाही

लेख आवडला, पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखिका एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘नॉर्थ अँड साउथ’ ही कादंबरी मुळात प्रेमकथा आणि गिरण्या केवळ पार्श्वभूमी, हे लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. कादंबरीतली बेसी हिगिन्स आठवा. पिंजण खात्यात काम करून छातीत कापसाचे तंतू भरलेली, विशीही न गाठलेली मुलगी. हवा खेळती ठेवणारं चाक काही गिरण्यांत असतं, पण त्याला पाच-सहाशे पौंड लागतात आणि त्यातून नफा काही नाही, हे तीच सांगते. पुढचा तपशील तर अंगावर येतो: तंतू गिळायची सवय झालेल्या कामगारांना चाक आल्यावर भूक जास्त लागते, म्हणून पगार वाढवा, असं काहीजण म्हणत! हे घरात बसून सुचत नाही. गॅस्केल बाई मँचेस्टरमध्ये युनिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या धर्मोपदेशकाच्या पत्नी म्हणून राहत होत्या, गरीब वस्त्यांत त्यांची ये-जा होती.

कादंबरी 1854-55 मध्ये कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः आली, इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावच्या गिरणी कामगारांचा मोठा संप नुकताच मोडला होता तेव्हा. शेवट घाईचा वाटतो, हे मान्य. पण त्यामागे साप्ताहिकाच्या जागेची ओढाताण होती. पुस्तक काढताना गॅस्केल यांनी तो भाग वाढवला.

‘मेरी बार्टन’चा उल्लेख लेखात हवा होता. 1848 सालची ती त्यांची पहिली कादंबरी, तान्हा मुलगा गेल्याच्या दुःखात लिहायला घेतलेली. त्यातल्या उपाशी पोरांच्या मरणाची धग तिथूनच आली असावी, असं मला मनापासून वाटतं.