चार वार आणि एक सुरमई

मासे खायला मालवणला जायचं ठरलं की आधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवावं लागतं. मी ते जुलैतच उतरवलं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात जायची बंदी, म्हणजे ते दोन महिने बाद. त्यानंतर श्रावण. तो संपतो न संपतो तोच गणपती, गणपती बोळवले की पितृपक्ष, त्याला चिकटून नवरात्र. दिवाळीत फराळ संपवायचा असतो. पुढे मार्गशीर्ष, आणि आमच्या घरात मार्गशीर्षातला गुरुवार एकटा येत नाही, अख्खा महिना सोबत घेऊन येतो. उरला जानेवारी. साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल घेऊन बसलो आणि कोकणकन्येची पाच तिकिटं काढली. एकदम पाच, तीही पक्की! त्या आनंदात एक गोष्ट नजरेतून सुटली. गाडी रविवारी रात्री निघत होती, म्हणजे आम्ही सोमवारी सकाळी पोचणार होतो.

राहायची जागा शोधायचं काम मेव्हण्याने मागून घेतलं. त्याला कुठल्याही गोष्टीचे तारे मोजल्याशिवाय चैन पडत नाही. न्हाव्याकडेसुद्धा तो चार पॉइंट दोनच्या खाली जात नाही. पंधरा दिवस तो फोटो पाठवत राहिला आणि प्रत्येक फोटोत तोच पलंग, तेच हंस केलेले टॉवेल. शेवटी देवबागला एक घरगुती निवास ठरला. ‘समुद्राभिमुख खोली’ असं त्यात लिहिलं होतं, त्याचे दिवसाला पाचशे रुपये जास्त.

देवबाग ज्यांनी पाहिलंय त्यांना यातली गंमत कळेल. ती एक चिंचोळी पट्टी आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि मधे माड, घरं आणि एक रस्ता. तिथे पाठ फिरवून उभं राहिलं तरी समोर पाणीच. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हापासून इथल्या घरांना एकेक खोली वाढत गेली आहे, आणि आमची खोली अगदी शेवटी वाढलेली असावी. समुद्र दिसत होता, पण न्हाणीघराच्या खिडकीतून, तोही बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिल्यावर. मागची, खाडीकडची खोली स्वस्तातली म्हणून आईला दिली होती.

घरच्या काकी मात्र पाच ताऱ्यांच्या होत्या. कुडाळ स्टेशनपासून तीसेक किलोमीटर रिक्षात हाडं खिळखिळी करून आम्ही उतरलो, तर हातात गरम चहा आणि पुढ्यात घावने. मी घावन्याचा पहिला तुकडा मोडतानाच विचारलं, “काकी, दुपारी जेवायला काय?”

“आज सोमवार मा,” काकी म्हणाल्या. “आज आमच्या चुलीवर मासे चढनत नाय.”

बायकोने माझ्याकडे समाधानाने पाहिलं. तिचाही सोमवार असतो. मालवणात शेकड्याने खाणावळी आहेत, तिकडे जाऊन येतो, असं मी पुटपुटलो. “म्हणजे मी इथे वरण-भात खाऊ आणि तू तिकडे पापलेट?” असा प्रश्न आला. या प्रश्नाला लग्नाच्या विसाव्या वर्षी उत्तर नसतं. काळ्या वाटाण्याचं सांबार, उकडा भात, सोलकढी. जेवण इतकं उत्तम होतं की तक्रार करायलाही जागा राहिली नाही, आणि त्याचाच राग आला.

रात्री काकींनी नियम सांगितला. “उद्या किती जणां मासे खातत ता माका सकाळी आठाच्या आत सांगा. मगे बाजारात जाऊक व्हया.”

“पाच,” मी म्हणालो.

“उद्या अंगारकी आहे,” आतून आई म्हणाली.

मंगळवारी आम्ही सिंधुदुर्ग पाहिला. उपाशीपोटी. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. चुन्यात उमटलेले त्यांच्या हाताचे आणि पायाचे ठसे तिथे दाखवतात. ते पाहताना अंगावर काटा येतो, उपास असला तरी येतो. चहूबाजूंनी खारं पाणी असताना किल्ल्यात तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. नावं काय, तर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. मी वाटाड्याला विचारलं, एखादी बांगडाबाव वगैरे? तो हसला नाही. आई म्हणाली, “बघ, तिन्ही उपासाला चालणाऱ्या.”

संध्याकाळी बंदरावर लिलाव लागला होता. तिकडे जायलाच नको होतं. वाळूवर बांगड्यांचे ढीग, निळ्या-हिरव्या पाठीवर लांबट सरळ रेघा, डोळे काचेच्या गोट्यांसारखे स्वच्छ. एक आजी कल्ला उघडून आतला लाल रंग बघायची, नाक मुरडायची, पुढच्या ढिगाकडे जायची आणि परत पहिल्याकडेच यायची. बोली वाढत होती, टोपल्या उचलल्या जात होत्या, आणि मी खिशातला राजगिऱ्याचा लाडू चाचपत उभा होतो.

रात्री चंद्रोदयासाठी सगळे समुद्राकडे तोंड करून बसले. नऊ वाजून गेले तरी चंद्र नाही. मेव्हण्याने मोबाइलवरचं कसलंसं आकाशदर्शन उघडून फोन गरागरा फिरवला. शेवटी काकी कंदील घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “थंय खंय बघतत? चंद्र खाडीसून येता.” आईच्या स्वस्तातल्या खोलीच्या दारातून, पलीकडच्या माडांवर, लालसर चंद्र केव्हाचा वर आला होता. पाचशे रुपये जास्त देऊन आम्ही चुकीची दिशा घेतली होती. मोदकांवर काकींनी तुपाची धार धरली तेव्हा मी मनात म्हटलं, चला, बुधवार आला. बुधवार कुणाचाच नसतो. बुधवारी कुठलाच देव कुणाच्या जेवणात लक्ष घालत नाही.

बुधवारी वारा सुटला.

मी सातलाच अंगणात हजर. “पाच थाळ्या, काकी! सुरमई!” काकी माडांच्या झुलणाऱ्या शेंड्यांकडे बघत होत्या. “काल रातीपासून एकव होडी गेलेली नाय. बर्फातली व्हयी तर आणतंय. पण मी ती स्वतः खाणंय नाय, तुमका कशी वाढू?” या वाक्यापुढे माणूस काय बोलणार? ठाण्यात आम्ही वर्षभर बर्फातलीच खातो, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी कोंबडी-वडे केले. वडे फुगलेले, रस्सा झणझणीत, सगळे खूश. मुलगा तर म्हणाला, “बाबा, मासे काय, ठाण्यातही मिळतात.” आईने तोंडी लावायला सुका जवळा भाजून घेतला आणि मला चमचाभर वाढला. तो चमचा मी दहा मिनिटं पुरवला.

गुरुवारी पहाटे माझ्या खिडकीवर टकटक झाली. काकी दारात उभ्या, हातात शेपटीला धरलेली सुरमई, लांबीने त्यांच्या कमरेपर्यंत. चांदीसारखी चमकत होती, पोटाजवळ अजून वाळू. “वारो पडलो. भावान पयली तुमच्यासाठीच ठेवली. किती जणां?”

चार हात वर गेले. माझा पाचवा हात अर्ध्यावर असताना बायको म्हणाली, “तुझा गुरुवार आहे ना?”

गेल्या वर्षी मुलाच्या दहावीच्या वेळी गणिताच्या पेपरसाठी मी गुरुवार धरला होता. मुलाने अकरावीला गणित सोडलं, माझा गुरुवार काही सुटला नाही. एखादा मोडला तर काय बिघडतं, असं मी काकींकडे आशेने पाहत विचारलं. त्यांनी सुरमई चटकन पाठीमागे नेली, जशी काही माझी दृष्ट लागेल. “वार मोडू नये. मी तुमची तुकडी डब्यात घालून देतंय. रातीचे बारा वाजले की खावा.”

दुपारी चौघं जेवली. मी समोर बसून आंबोळी खाल्ली. तव्यावर तुकडी पडल्याचा आवाज आणि तांदळाचं पीठ खरपूस होत गेल्याचा वास. मुलगा काटा चोखून ताटाच्या कडेला ठेवायचा आणि तो ठेवताना दर वेळी ‘आहा’ म्हणायचा.

रात्रीच्या गाडीत डबा उशाला घेऊन मी वरच्या बर्थवर चढलो. शेजारच्या कप्प्यातल्या एका गृहस्थांनी दोनदा हवा हुंगून पाहिली. रत्नागिरीच्या आसपास घड्याळात बारा झाले. मी झाकण उघडलं तोच खालच्या बर्थवरून आईचा आवाज आला.

“वार सूर्योदयाला बदलतो हो. बाराला बदलते ती तारीख.”

झाकण लावलं. डब्यावर हात ठेवून चिपळूण, खेड, रोहा, पनवेल अशी सगळी स्टेशनं मी जागेपणी पाहिली.

पहाटे घरी पोचलो. सगळे झोपले. मी डबा मांडीवर घेऊन गॅलरीत बसलो. सात वाजून गेले, उजाडलं, दूधवाला येऊन गेला, पण समोरच्या सतरा मजली इमारतीमागून सूर्य काही दिसेना. पंचांगातली वेळ उलटून गेली आहे, असं मी आईला आत जाऊन सांगितलं. तिने पांघरुणातूनच विचारलं, “दिसला का?”

पावणेआठला पाण्याच्या टाकीशेजारून एक किरण आला आणि थेट डब्यावर पडला. झाकण काढलं. भाकरी जशीच्या तशी होती. तिच्याखालची मधली जाड तुकडी कुणीतरी पनवेलनंतर, माझा डोळा लागला असताना, खाऊन टाकली होती. शेपटीकडची मात्र ठेवली होती. मुलाच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता, जरा जास्तच नियमित.

तेवढ्यात फोन वाजला. “जेवलास मा?” काकी विचारत होत्या. “कशी होती?”