तिरकी नजर

रानातल्या पक्ष्याचं चित्र काढायचं तर पहिली अट अशी की पक्षी दिसला पाहिजे, आणि दुसरी अशी की पेन्सिलीला टोक असताना दिसला पाहिजे. माझ्या वहीत तेवीस शेपट्या आहेत. नुसत्या शेपट्या. त्यातल्या नऊ एकट्या नाचणाच्या. हा पक्षी शेपटीचा पंखा उघडून डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो, आणि मी डावीकडची रेघ पुरी करेपर्यंत स्वारी पुढच्या झाडावर.

ऑड्युबॉन नावाच्या चित्रकाराने अमेरिकेतले पक्षी खऱ्या मापात रंगवले. १८२७ ते १८३८ या काळात ती ४३५ चित्रं छापून निघाली. हे वाचून मला चांगलाच न्यूनगंड आला होता. मग कळलं, हे गृहस्थ आधी पक्षी बंदुकीने टिपायचे आणि मग त्याला तारांनी हव्या त्या ऐटीत उभं करायचे. न्यूनगंड तत्काळ गेला. हलणारा पक्षी काढून दाखवा म्हणावं!

मग एका जाणत्याने सल्ला दिला, "आधी त्याच्या नजरेने बघायला शीक." झालं, बसलो शिकायला. खंड्याच्या पाठीचा निळा मी तीन निळे मिसळून आठवडाभर घोटत होतो. तर म्हणे त्या पिसात निळं रंगद्रव्यच नसतं. पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरतो म्हणून ते निळं दिसतं. वर पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या, आपल्या तीन. आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही बऱ्याच पक्ष्यांना दिसतो. म्हणजे मी नसलेला रंग, अपुऱ्या डोळ्यांनी, नळीतून पिळून काढत होतो.

खरा घोळ डोळ्यांच्या जागेत आहे. बुलबुल, साळुंकी यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. समोरून दोन डोळे रोखून कोण बघतं? मांजर. घुबड. आणि हातात पेन्सिल घेतलेला मी. तेव्हापासून मी मान वळवून एकाच डोळ्याने, जणू माझं लक्षच नाही असं बघतो. सवय व्हावी म्हणून घरीही तसंच सुरू केलं. बायको म्हणाली, "मान लचकलीय, की माझा राग आलाय?"

शेवटी तळ्याकाठी वंचक भेटला. मातकट, रेघारेघांचा बगळा. चिखलात उभा राहिला की चिखलच. तासभर हलला नाही. मी एका डोळ्याने त्याची मानेवरची रेघ न् रेघ उतरवली, पिवळट पाय काढले. आयुष्यातलं पहिलं अखंड चित्र! शेजारी गुरं राखणारा एक पोरगा येऊन उभा राहिला होता. त्याला मोठ्या तोऱ्यात वही दाखवली आणि नेमका त्याच क्षणी वंचक उडाला. पंख उघडले, तर पांढरेशुभ्र! अख्खा पक्षी पांढरा! पोराने आकाशात बघितलं, वहीत बघितलं, आणि विचारलं, "काका, हे कुठलं पाखरू?"

वंचक पलीकडच्या काठावर उतरला, पंख मिटून पुन्हा चिखल झाला. मान आखडून एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता. त्याच्या बाजूने बघायचं तर, समोरच्या काठावर एक भला थोरला वंचक तासभर निश्चल बसला होता आणि त्याला एक बेडूकसुद्धा पकडता आला नव्हता.