मॅडम, मुलाला पाठवा ना

आज डोकं फिरलंय. घराजवळ चेसचा नवीन क्लास निघालाय म्हणून लंच टाइममध्ये फोन केला, मोठ्या माणसांसाठी बॅच आहे का विचारलं. तर पलीकडचे सर म्हणतात, "मॅडम, मुलाला पाठवा ना. या वयात तुम्हाला काय करायचंय? रोज तीन-चार तास देणार असाल तर बोला, नाहीतर टाइमपासच आहे तो." मी बरं म्हणून फोन ठेवला, पण तेव्हापासून कामात लक्ष लागत नाहीये.

टाइमपास?

अकाउंट्समध्ये काम करणाऱ्यांना माहितीये महिना कसा जातो. ११ तारखेला एक जीएसटी रिटर्न, २० ला दुसरं, मधे पगार, टीडीएस, घरी आलं की कुकर, मुलाचा प्रोजेक्ट, सासूबाईंची औषधं. यातून जो वेळ मी ओढून काढते तो टाइमपाससाठी नाही काढत, टाइमपासला रील्स आहेत की हातात.

आमचे मोठे काका एसटीत होते, शिफ्ट कधीही बदलायची. त्यांच्या खिडकीपाशी स्टुलावर पट मांडलेला असायचा आणि त्यावर अख्खा आठवडा एकच पोझिशन. काका बूट घालता घालता बघायचे, परत आले की चहाचा कप घेऊन उभ्या उभ्या बघायचे. मला ल्युसेनाची पोझिशन तिथेच कळली, हत्तीच्या एंडगेममधली, म्हणजे पटावर थोडीच मोहरी उरल्यावरच्या खेळातली. पांढरा राजा जी-आठवर, त्याचं प्यादं जी-सातवर, म्हणजे राजा बाजूला झाल्याशिवाय प्याद्याचा वजीर होत नाही आणि राजा बाहेर आला की काळा हत्ती शहावर शह देत सुटतो. मी आपली राजाच पळवत बसायचे. काका फक्त "हत्ती बघ" म्हणायचे, पुढे एक अक्षर नाही. आणि मग एका दुपारी दिसलं!! आधी शह देऊन काळा राजा लांब घालवायचा, आपला हत्ती चौथ्या रांगेत आणून ठेवायचा, मग राजाला खुशाल शह खात खाली उतरू दे, पाचव्या रांगेत आला की हत्ती मधे घाल, शह बंद. आजही हत्तीचा एंडगेम आला की माझा हात आधी चौथ्या रांगेकडे जातो.

काका रोज किती वेळ देत असतील? पंधरा-वीस मिनिटं. पण डेपोत एंडगेममध्ये त्यांना हरवणारं कोणी नव्हतं.

आणि लास्कर, १८९४ ते १९२१ सलग वर्ल्ड चॅम्पियन राहिलेला माणूस, त्यानेच हिशोब मांडून ठेवलाय की चांगलं खेळायला शिकायला २०० तास पुरतात. नियम ५, सोपे एंडगेम ५, ओपनिंग (सुरुवातीच्या चाली) फक्त १०, कॉम्बिनेशन (एकातून एक साधणाऱ्या चाली) २०, पोझिशनल खेळ (मोहरी चांगल्या जागी आणणं) ४० आणि उरलेले १२० तास खेळायचं आणि खेळलेले डाव तपासायचे. आठवड्याला तीन तास धरले तरी सव्वा वर्षात होतात हो! आणि आपल्याकडे मोठ्या माणसाच्या हातात काय देतात, तर ओपनिंगचे व्हिडिओ. तीस चालींपर्यंत पाठ करा म्हणे. समोरचा पाचव्या चालीला वेगळं खेळला की संपलं.

हो, ग्रँडमास्टर व्हायचं असेल तर लहानपणापासून रोज तासन् तास लागतात, मान्य. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख १९ व्या वर्षी जॉर्जियात बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली ती आठवड्याला तीन तास देऊन नाही. पण मी कुठे म्हणाले मला ते व्हायचंय? तिच्या फायनलच्या वेळी मी ऑफिसातून चोरून स्कोअर बघत होते, जिंकली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. समोर कोनेरू हंपी होती, ३८ वर्षांची, एका मुलीची आई. दोघींचे ते डाव नंतर नीट बसून समजून घ्यावेसे वाटणं यात चूक काय आहे?

एक मात्र सांगते, ट्रेनमध्ये तीन-तीन मिनिटांचे ब्लिट्झ खेळणं म्हणजे अभ्यास नाही. मजा येते, नाही म्हणत नाही. पण ट्रेनमध्ये मी कोडीच सोडवते, लीचेस या चेसच्या साइटवर फुकट आहेत, जाहिराती पण नाहीत. उत्तर पूर्ण दिसल्याशिवाय बोट लावायचं नाही, मग ठाण्यापासून भायखळ्यापर्यंत एकच झालं तरी चालेल. शनिवारी रात्री भांडी आवरली की एक मोठा डाव, आणि तो आधी स्वतः तपासायचा, इंजिन म्हणजे कॉम्प्युटर नंतर. बाकी दिवस काकांची पद्धत, एक पोझिशन आणि येता-जाता नजर.

आता लिहिता लिहिता काकू आठवल्या. केर काढताना त्या ते स्टूल अलगद उचलून बाजूला ठेवायच्या, एक प्यादं हलू द्यायच्या नाहीत. त्यांनाही खेळता यायचं, चांगलं यायचं, काका ड्यूटीवर असले की माझ्याशी खेळायच्या. पण काकांना कोणी "या वयात कशाला?" असं विचारलं नाही, आणि काकूंसाठी कोणी पट मांडून ठेवला नाही. मी सुद्धा लहान होते, मला तेव्हा ते दिसलंच नाही. आज त्या सरांच्या आवाजात मला तेच ऐकू आलं, म्हणून एवढं लागलं.

तर ठाणे-मुलुंड-कळव्याकडचे नोकरीवाले, घर सांभाळणाऱ्या, रिटायर झालेले, ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा. रविवारी सकाळी साडेदहा, आमच्याकडे. चहा माझा, घड्याळ आहे, पट एकच आहे म्हणून असेल तर आणा. पहिल्या रविवारी फिलिडोरची पोझिशन बघू, हत्तीच्या एंडगेममध्ये एक प्यादं कमी असताना डाव ड्रॉ कसा ठेवायचा ते. येण्याआधी घरी पटावर मांडून स्वतः डोकं लावून या, व्हिडिओ बघून नको.