एका होडीवर दोन तांडेल

गेल्या पंधरवड्यात एकच फॉरवर्ड मला चार ठिकाणांहून आला. आंबा बागायतदारांच्या ग्रुपवरून, वाडीच्या ग्रुपवरून, मुंबईच्या मावसभावाकडून आणि शेवटी घरातूनच. 'कॉम्प्युटरवाले तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत' अशी सुरुवात. खाली सांगितलेलं असं: विंडोजसोबत येणारा अँटिव्हायरस नावापुरता असतो, एकावर भागत नाही, दोन टाका, विकत घेऊ नका, खालच्या लिंकवर पाच वर्षांचा क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली चोरटी प्रत, फुकट आहे, नाहीतरी व्हायरस या कंपन्याच बनवतात, आणि एकदा अँटिव्हायरस टाकला की बँकेचे व्यवहार बिनधास्त करा.

मी देवगडात कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि अँटिव्हायरसचे डबेही विकतो. म्हणजे त्यातला 'कॉम्प्युटरवाला' मीच. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा, कारण पहिल्याच मुद्द्यावर मी स्वतःच्या पोटावर पाय देणार आहे.

विंडोजचा अँटिव्हायरस नावापुरता, हे दहा-बारा वर्षांपूर्वी कोणी म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस विंडोजमध्येच येऊ लागला, आणि सुरुवातीला तो खरोखरच यथातथा होता. आता तसं नाही. जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा संरक्षण, वेग आणि वापरातला त्रास अशा तीन गोष्टींना प्रत्येकी सहा गुण देते. या अठरा गुणांच्या परीक्षेत डिफेंडर गेली काही वर्षं विकतच्या नावाजलेल्यांच्या रांगेत बसतो. ज्या घरात मुलांचा अभ्यास, लाइट बिल आणि आंब्याच्या पेट्यांचा हिशेब एवढंच काम आहे, तिथे मी आता डबा विकत नाही.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याला इथे अर्धा गुण मात्र देतो. डिफेंडरची बरीचशी ताकद इंटरनेटवर आहे. संशयास्पद फाइल दिसली की तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो, आणि नेट नसताना त्याची पकड काही विकतच्या अँटिव्हायरसपेक्षा ढिली पडते, हे ऑस्ट्रियातल्या एव्ही-कंपॅरेटिव्ह्जच्या चाचण्यांतही दिसलं आहे. आमच्याकडे आषाढात माड तारेवर पडला की दोन-दोन दिवस नेट नसतं, पण पेन ड्राइव्ह मात्र फिरतच असतो. तहसील कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात सातबारा प्रिंट करायला गेलेला पेन ड्राइव्ह घरी परत येतो तेव्हा फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट, म्हणजे व्हायरस शिरलेला. असे पेन ड्राइव्ह रोज हाताळणाऱ्याने, किंवा ज्याच्या गावात रेंजच नाही त्याने, विकतचा घेतला तर मी नको म्हणणार नाही.

आता दोन टाकायचं. परवा एक गिऱ्हाईक ठामपणे म्हणालं, "भाऊ, माका दोन घालून दी. एक झोपलो तर दुसरो जागो रवात." ऐकायला पटतं. पण अँटिव्हायरस काय करतो ते बघा. तुम्ही फाइल उघडली की ती तुमच्यापर्यंत पोचण्याआधी तो मध्ये हात घालून तपासतो. दोघांनी एकाच क्षणी हात घातला की कॉम्प्युटर रखडतो. कधी एकाने अलग ठेवलेली फाइल दुसऱ्याला सापडते आणि तो पुन्हा बोंब ठोकतो. एका होडीवर दोन तांडेल, म्हणजे दोन कप्तान, चढवल्यासारखं होतं. डिफेंडरला हे कळतं, म्हणून दुसरा अँटिव्हायरस आला की तो आपणहून बाजूला होतो. आणि दोन टाकलेल्यांपेक्षा मला जास्त भेटतात ते एक मेलेला बाळगणारे: लॅपटॉपबरोबर महिनाभराचा फुकट अँटिव्हायरस आलेला असतो, मुदत संपते, नवीन व्हायरसांची माहिती यायची थांबते, आणि तो मात्र कोपऱ्यात चिन्ह दाखवत बसलेला असतो. नूतनीकरण करणार नसाल तर तो अनइन्स्टॉल करा, मशीन रीस्टार्ट करा आणि विंडोज सिक्युरिटी उघडून हिरवी खूण आली का ते बघा.

क्रॅकबद्दल फार लिहावं असं काही नाही. क्रॅकसोबत येणारी पहिली सूचना बहुतेक वेळा एकच असते: 'आधी चालू असलेला अँटिव्हायरस बंद करा.' चोराने येण्याआधी कुत्रा बांधून ठेवायला सांगावं आणि आपण बांधावा! ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलून नेणारे प्रोग्रॅम अशाच फुकटच्या पुडक्यांतून घरात शिरतात.

व्हायरस कंपन्याच बनवतात, हेही जुनंच. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस 'ब्रेन' १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला, आणि त्यात स्वतःचं नाव-पत्ता आणि फोन नंबरसुद्धा टाकला. आपल्या पुण्याच्या क्विक हीलचे कैलाश काटकर मुळात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे; व्हायरस आधी आले, धंदा मागून. शिवाय या कंपन्या इतक्या लबाड असतील तर त्यांच्याच मालाचा क्रॅक टाकायला का सांगता, हेही फॉरवर्डवाल्याने सांगावं. संशय घ्यायचाच तर खऱ्या गोष्टीचा घ्या. फुकटच्या अँटिव्हायरससाठी प्रसिद्ध असलेल्या अवास्टने ग्राहकांनी कुठल्या वेबसाइट बघितल्या याची माहिती विकली म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये त्यांच्याकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करायचं ठरवलं. त्यामुळे फुकटचा टाकताना 'माहिती शेअर करू का' असं विचारणाऱ्या चौकटीतली खूण काढायला विसरू नका.

शेवटचा दावा सगळ्यात महागात पडणारा. कुणकेश्वरच्या बाजूला होमस्टे चालवणाऱ्या एक वहिनी आहेत. त्यांच्या लॅपटॉपवर विकतचा, मुदतीतला अँटिव्हायरस होता. मीच टाकला होता. फोनवर एकजण म्हणाला, मी लष्करात आहे, चार खोल्या हव्यात, ॲडव्हान्ससाठी क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका. पैसे यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे जायलाच. अठरा हजार गेले. अँटिव्हायरसने यात काय करावं? मालकिणीनेच दार उघडलं. त्यांनी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला म्हणून थोडे तरी अडवता आले.

अपडेटचंही तसंच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, जगभर धुमाकूळ घातला, पण तो विंडोजमधल्या ज्या भोकातून पसरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. त्यानंतर जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला, आणि आपल्याच किनाऱ्यावर, उरणजवळ न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. तो पसरायला सुरुवात झाली ती युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे लोकांच्या भरवशाच्या वाटेने. घरी विंडोज ७ असेल तर त्याचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच संपले, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्यावर कितीही महाग अँटिव्हायरस टाका, भोकं तशीच राहतात.

फॉरवर्डमध्ये बॅकअपचा शब्दही नाही. आमच्याकडे फोटो आणि हिशेब व्हायरसने जातात त्याहून जास्त दमट हवेने आणि विजेच्या झटक्याने जातात. निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडे घरात पाणी शिरून बंद पडलेले किती कॉम्प्युटर असतील, विचार करा. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, कॉपी झाली की वायर काढा. जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर मूळ फाइलींबरोबरच कुलूपबंद करतो. माझी डिस्क स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, फडताळात वरच्या फळीवर असते. ही दर वेळी विचारते, यात पापड आहेत का म्हणून.