गालिचा धुतला, वास राहिला

गणपतीला दोन-तीन आठवडे उरले की मराठी घरात सफाईचं जे वारं शिरतं, त्यात माळा, पंखे, पडदे आणि समया यांच्या पाठोपाठ दिवाणखान्यातल्या गालिच्याचा नंबर लागतो. वर्षभर त्याने निमूटपणे चहा प्यायलेला असतो, चिवडा खाल्लेला असतो, पाहुण्यांच्या मुलांचं आणखी काय काय सोसलेलं असतं. मग कुणीतरी गालिचे धुणाऱ्या मशीनवाल्याला फोन लावतं. दोन माणसं येतात, तासभर घरातलं बोलणं बंद पाडतात, काळ्याकुट्ट पाण्याची बादली समोर धरून 'बघा किती निघालं' म्हणतात, आणि 'ताई, संध्याकाळपर्यंत कडक सुकेल' असा दिलासा देऊन पैसे घेऊन जातात. संध्याकाळ होते. गालिचा दिसतो झकास. फक्त खोलीत शिरलं की वाटतं, सोफ्याखाली कुणाचा तरी भिजलेला कुत्रा बसलाय. भीक नको पण कुत्रा आवर, ही म्हण कळायला यापेक्षा बरा प्रसंग नाही.

यावर घराघरात एकच निष्कर्ष निघतो: नीट धुतला नाही, पुन्हा बोलवा. माझं ठाम मत उलटं आहे. घाण त्या बादलीतून गेली, ते खरंच. मागे राहिलं ते पाणी. मशीनने जेवढं पाणी आत मारलं तेवढं परत ओढलं नाही, आणि उरलेलं आता गालिच्याच्या पोटात बसून जिवाणूंना पोसतंय. आपण घासाघीस करतो ती भिजवण्याच्या दरावर, सुकवण्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. त्यातून मुहूर्त निवडतो तो श्रावण-भाद्रपदाचा, जेव्हा मुंबईच्या हवेत 80 टक्क्यांच्या वर आर्द्रता असते, चपलांना बुरशी येते, पापड सादळतात आणि मीठ बरणीतून बाहेर पडायला नकार देतं. त्या हवेकडून ओला गालिचा सुकवून मागायचा म्हणजे नागड्याकडे उघडं गेलं, त्यातली गत.

मग घरगुती उपाय सुरू होतात. अगरबत्ती, धूप, कापूर, डांबरगोळ्या. मशीनवालाही जाताना गुलाबाचा एक फवारा मारून गेलेला असतो. कुबट वासात गुलाब मिसळला की कुबट गुलाब तयार होतो, बाकी काही होत नाही. एखाद्या काकू फिनेल सुचवतात. त्याहून धाडसी काका ब्लीच सुचवतात. काकांचं ऐकू नका. क्लोरीनवालं ब्लीच लोकर अक्षरशः विरघळवतं. वास जाईल, सोबत गालिचाही जाईल.

आधी नाकाला थोडं कामाला लावावं, कारण सगळे वास एका जातीचे नसतात. ओल्या लोकरीचा प्राण्यासारखा वास हा त्यातला निरुपद्रवी प्रकार. लोकर म्हणजे शेवटी मेंढीचे केसच, भिजल्यावर त्यांना मेंढी आठवते. सुकताना हा वास कमी कमी होत गेला तर काळजीचं कारण नाही. जुन्या वाड्यातल्या बंद खोलीसारखा कुबट वास म्हणजे जिवाणू आणि बुरशीने बिऱ्हाड थाटलं. ओल 24 ते 48 तास टिकली की बुरशीला तेवढं पुरतं, म्हणून गालिचा शक्यतो 12 तासांत आणि काहीही झालं तरी 24 तासांच्या आत सुकायला हवा. आंबूस वास बहुतेक वेळा जास्त झालेल्या शाम्पूचा नाही तर कधीकाळी सांडलेल्या दुधाचा. डोळ्यांत जाणारा, अमोनियासारखा वास आला तर घरातल्या मांजराकडे किंवा सर्वांत धाकट्या सदस्याकडे पाहावं. आणि रबरी वास आला तर गालिच्याचा कोपरा उलटून बघावा.

कोपरा खरं तर मशीनवाल्याला फोन करायच्या आधीच उलटायला हवा. वरची नक्षी जशीच्या तशी मागेही दिसली, बारीक गाठी मोजता आल्या आणि काठाच्या झालरी आतल्या ताण्याच्याच दोऱ्यांच्या असल्या, तर तो हाताने गाठी मारलेला. त्याला पाठीवर डिंक नाही, हवा आरपार जाते, तो मोकळेपणाने सुकतो. मागे जाडसर पांढरं कापड चिकटवलेलं असलं तर तो हँड-टफ्टेड. भदोहीहून येणारे आणि प्रदर्शनात परवडणाऱ्या किमतीला मिळणारे बरेचसे याच जातीचे. त्यात वर लोकर, मधे लॅटेक्सचा म्हणजे रबरी डिंकाचा थर आणि खाली कापड असं सँडविच असतं. वरून मारलेलं पाणी लॅटेक्सपाशी जाऊन अडतं, आणि खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी असल्यामुळे तिथूनही वाट नाही. वरचे केस दुपारीच कोरडे लागतात, पोटात मात्र परवापर्यंत तळं. तिसरा प्रकार मशीनवर विणलेला पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याचा. त्याचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही. त्याला वास आलाच तर तो पाठीच्या तागाचा असतो, आणि ताग ओला राहिला की वर पिवळट-तपकिरी डागही चढवतो.

'आर्ट सिल्क' किंवा 'बांबू सिल्क' म्हणून घेतलेला चकचकीत गालिचा असेल तर थांबा. तो बहुधा व्हिस्कोज, म्हणजे लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून केलेला धागा असतो. पाण्यात व्हिस्कोजची ताकद जाते, केस बसतात आणि पिवळे पडतात. खात्री करायची असेल तर कडेचा एक धागा चिमट्यात धरून बेसिनवर जाळा. केस जळल्याचा वास आला तर लोकर किंवा खरं रेशीम, कागद जळल्यासारखा आला तर व्हिस्कोज. व्हिस्कोज निघाला तर मशीनवाल्याला सरळ नाही म्हणून सांगा. तो 'काही होत नाही' म्हणेल, कारण त्याला खरंच काही होत नाही.

आता मशीनवाला घरात आहे असं धरू. त्याच्यामागे उभं राहायला संकोच करू नका; रंगाऱ्यामागे आपण उभे राहतोच की. पहिली मागणी अशी की मागच्या घरातलं पाणी टाकीत असेल तर ते ओतून, टाकी आणि पाइप धुऊन कामाला सुरुवात करावी. दुसऱ्यांच्या सोफ्याचा इतिहास आपल्या गालिच्यात नको. दुसरी मागणी शाम्पूची. फेस जितका जास्त तितकी सफाई जास्त, ही श्रद्धा आपण कपड्यांच्या साबणापासून जपत आलोय. गालिच्यात उरलेला शाम्पू चिकट होतो, पुढच्या महिनाभराची धूळ गोळा करतो आणि दमट दिवशी आंबूस वास सोडतो. मात्रा बाटलीवर लिहिलेली असते तेवढीच, 'थोडा जादा टाक' हे वाक्य गिळून टाकायचं. शेवटचा हात नुसत्या पाण्याचा हवा. त्या पाण्यात 4 लिटरला एक कप पांढरं व्हिनेगर घातलं तर शाम्पूचा क्षार मारला जातो. लोकरीला सौम्य आम्ल चालतं, तिचं वैर क्षाराशी. रंग जातो का ते आधी कोपऱ्यावर पांढरं ओलं फडकं पाच मिनिटं दाबून पाहा.

खरी लढाई त्यानंतरची. पाण्याचा ट्रिगर सोडून नुसत्या ओढीचे हात मारायचे, एका ओल्या हातामागे किमान दोन कोरडे. बहुतेक नोझलचं तोंड पारदर्शक असतं, तिथे डोळे लावून बसा. पहिल्या कोरड्या हाताला काचेतून मळक्या पाण्याची धार पळताना दिसते, पुढच्याला धारेचे थेंब होतात, मग नुसती धुक्यासारखी ओल, आणि शेवटी काच निवळते. ती निवळली की त्या पट्ट्याचं काम झालं. ती निवळायच्या आत माणूस पाइप गुंडाळायला लागला तर गोड आवाजात म्हणायचं, 'दादा, हा कोपरा अजून थोडा ओढा ना, मी चहा टाकते.' चहा उकळेपर्यंत तीन-चार हात सहज होतात. पंधरा मिनिटांची ही ओढ नंतरच्या दिवसभराच्या पंख्यापेक्षा जास्त पाणी काढते, आणि मला तरी एका कप चहात याहून स्वस्त सौदा माहीत नाही.

तो गेला की गालिचा फरशीवर लोळत ठेवू नका. भाजीवाल्यांकडे असतात तसे प्लास्टिकचे क्रेट उलटे मांडून त्यावर पसरा, खालून हवा खेळली पाहिजे. बाल्कनीच्या कठड्यावर टाकायचा मोह आवरा. ओला हँड-टफ्टेड भयंकर जड होतो, घडीच्या रेषेवर लॅटेक्सला भेगा पडतात आणि मागचं कापड सुटून झोळी होते. शिवाय सोसायटीचे सेक्रेटरी खालून बघत असतात. ऊन मिळालं तर पाठ उन्हाकडे, रंग सावलीला. छताचा पंखा फक्त वरचे केस वाळवतो आणि आपली समजूत काढतो. कामाचा तो टेबल फॅन, जमिनीवर ठेवलेला, वारा गालिच्याच्या खालून घासून जाईल असा. दर दोन-तीन तासांनी गालिचा पालटायचा, चपाती तव्यावर विसरतो तसं विसरायचं नाही.

खिडक्यांच्या बाबतीत मात्र घरोघरी भांडण होतं. सासूबाई म्हणतात उघडा, हवा येऊ दे. एप्रिलमध्ये पुण्यात त्यांचं बरोबर आहे. ऑगस्टमध्ये मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत उघडी खिडकी म्हणजे बाहेरच्या ओलीला आवतण. तेव्हा दारं-खिडक्या बंद करून एसी ड्राय मोडवर लावायचा आणि सोबत पंखा. खोलीत हवेतली ओल मोजणारा हायग्रोमीटर ठेवला तर काटा 60 टक्क्यांच्या खाली आणायचा, 50 च्या आसपास आला तर उत्तम. एसीच्या नळीखाली बादली ठेवून बघा. रात्रभरात त्यात साठलेल्या पाण्यात हवेतली ओल आहेच, पण गालिच्याने सोडलेलंही आहे, आणि 'संध्याकाळपर्यंत कडक'चा हिशेब तिथे मोजून मिळतो.

सुकला की नाही हे हाताने ठरवायचं नसतं. लोकर स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत ओल पिऊनही हाताला कोरडी लागते, इतकी ती साळसूद आहे. पाठीला हात लावा, तिथे गारवा वाटला तर आत ओल आहे. आणखी पक्की परीक्षा म्हणजे फूटभर प्लास्टिकचा तुकडा गालिच्यावर चिकटपट्टीने चारी बाजूंनी लावून रात्रभर ठेवायचा. सकाळी प्लास्टिकच्या आतून दव दिसलं तर क्रेट उचलायचे नाहीत. दिवाण, टीपॉय वगैरे मंडळी तोवर बाहेरच. पाहुणे येणार म्हणून घाईने दिवाण वर ठेवला की बरोबर त्याच्या खालून वास सुरू होतो, आणि पाहुणेही बरोबर त्याच दिवाणावर बसतात.

खायच्या सोड्याची कीर्ती खरी आहे, वेळ चुकते. ओल्या गालिच्यावर सोडा टाकला की त्याची लापशी होऊन बुडाशी बसते. पूर्ण सुकल्यावर, पाच बाय सातच्या गालिच्याला साधारण एक कप, चाळणीतून भुरभुरवायचा, रात्रभर ठेवायचा आणि सकाळी सावकाश व्हॅक्यूम करायचा. भूकटी बारीक असते, फिल्टर तुंबतो, तेव्हा नंतर फिल्टर झटका. सोडा आंबूस वासावर चालतो. बुरशीपुढे त्याचं काही चालत नाही. कुबट वास ठाण मांडून बसला असेल तर शाम्पू न घालता नुसत्या व्हिनेगरच्या पाण्याचा हलका हात, वर सांगितलेली काच निवळेपर्यंतची ओढ, आणि पुन्हा क्रेट-पंखा-एसी. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

मूत्राचं प्रकरण वेगळं. त्यातले युरिक आम्लाचे स्फटिक साध्या धुण्याने जात नाहीत, ओल मिळाली की पुन्हा बोलू लागतात; म्हणूनच वर्षभर गप्प असलेला कोपरा धुतल्यावर बोंब मारतो. रात्री दिवे घालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवली की जुने डाग पिवळट-हिरवे चमकतात. बघण्याआधी मन घट्ट करा, कारण बऱ्याच घरांत मांजराचं नाव उगाच घेतलं जातं. त्या जागी आधी एन्झाइमवालं क्लीनर, तेही बाटलीवर सांगितलेली वेळ ओलं ठेवून, आणि मगच मशीन. मशीनवाल्याला हे आधी सांगितलं नाही तर तो गरम पाण्याने एका जागेचा प्रश्न सगळ्या गालिच्याचा करून ठेवतो.

राहता राहिला रबरी वास. हँड-टफ्टेडचा लॅटेक्स जुना झाला की सडतो, मागून पांढरी पूड गळू लागते, आणि त्या वासावर सोडा, व्हिनेगर, ऊन, नवस यांपैकी कशाचाही परिणाम होत नाही. जुना थर काढून नवा लावणारे कारागीर असतात, पण खर्च आधी विचारा आणि नव्या गालिच्याच्या किमतीशेजारी तो आकडा ठेवून बघा. बहुतेक लोक इथे जुना गालिचा बाल्कनीत कुत्र्याला अंथरतात. कुत्रा हुंगतो, एकदा आपल्याकडे बघतो आणि शेजारच्या फरशीवर जाऊन झोपतो.